सांगोल्याचा माळ, केराबाईची मेंढी आणि झोपलेला रिले

"अज्जी, जेवले मी," असं भाग्यश्री फोनवर म्हणाली आणि मला कळलं की पोरगी जेवलेली नाही. जेवलेलं माणूस काय जेवलं ते सांगतं. मेथी होती, मीठ जास्त पडलं, काहीतरी सांगतं. ही नुसती "जेवले". मी फोन ठेवला आणि सुनेला म्हटलं, उद्या पहाटेच्या गाडीनं मी सांगोल्याला चालले.

सून म्हणाली, "अत्ती, ऊन बघा की हो, चैत्र चाललाय."

ऊन काय मला नवं आहे? मी मैंदर्गीची लेक आणि सोलापूरची सून. आमच्याकडे उन्हाळा येत नसतो, तो घरचाच. मधे चार महिने तेवढा पाहुणा म्हणून जाऊन येतो.

भाग्यश्री माझी नात, मोठ्या लेकाची. विजेची इंजिनेर आहे. सांगोल्याच्या पलीकडे माळावर सोलरच्या प्लेटांचा मोठा प्लांट झालाय, तिथं ती संरक्षणाचं काम बघते. संरक्षण म्हणजे बंदूक नव्हे. तारेत बिघाड झाला, तार तुटून खाली पडली, तर लाइन आपोआप बंद पडली पाहिजे, ते काम. मी तिसरी शिकलेली बाई, मला एवढंच कळत होतं. येताना बरंच जास्त समजून आले, म्हणून तर हे लिहायला बसले.

पिशवीत काय घेतलं ते सांगते, कारण मागच्या प्रवासाचं लिहिलं तेव्हा तीन-चार जणींनी विचारलं होतं. कडक भाकरी एक डबा, ती महिनाभर टिकते. शेंगाची चटणी. पाण्याच्या दोन बाटल्या, सुती टॉवेल, आणि एक चादर. खोलीवर एकटी राहणारी पोरगी असली की तिथं चादर एकच असते, हे ध्यानात ठेवा.

सोलापूर स्टँडवरून मंगळवेढ्यामार्गे सांगोल्याची एसटी मिळते. पहाटेची धरा, बारानंतर खिडकीची दांडी हाताला चटका देते. बायकांना अर्धं तिकीट आहे. पंच्याहत्तर झाली की फुकट, पण मला अजून तीन वर्षं आहेत. कंडक्टरनं माझं इरकल लुगडं आणि कपाळाची विभूती बघितली आणि न विचारताच म्हणाला, "आज्जी, पंढरपूरची गाडी पलीकडं लागलीया."

"मला सांगोल्याला जायचंय."

"तितं काय कुणाचं लगीन?"

"नाही, सोलर बघायला."

मागच्या बाकावरचे दोघं हसले. हसू देत. रस्ता आता असा झालाय की मी चहाचा कागदी कप धरून बसले आणि थेंब सांडला नाही. मंगळवेढ्याच्या अलीकडे काळं रान लागतं, ज्वारी निघून गेलेली, कडब्याच्या गंजी रचलेल्या. ती जमीन बघितली की माझं मन भरतं. मंगळवेढ्याला गाडी दहा मिनिटं थांबते, तिथली गरम भजी खा, पण चहा घेऊ नका, नुसता पाक असतो. मंगळवेढा सोडलं की रान हळूहळू फिकं होतं आणि मग डाळिंबाच्या बागा सुरू होतात. अडीच तासांत पोचले.

भाग्यश्री स्टँडवर आली होती. डोळे खोल गेलेले. खोलीवर गेल्यावर भाकरी मोडून चटणीत दही कालवून पुढ्यात ठेवलं आणि म्हटलं, बोल आता.

तिनं सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. प्लांटची वीज ज्या लाइननं जाते, ती लाइन पूर्वी एका साखर कारखान्याची होती. तो कारखाना बंद पडला. पूर्वी तिथं वाफेवर फिरणारं भलं मोठं यंत्र वीज करायचं. आता त्याच लाइनवर सोलर जोडलं. लाइनवर राखण ठेवणारी पेटी असते, तिला रिले म्हणतात. बिघाड झाला की तिनं ओळखायचं आणि लाइन तोडायची, म्हणजे वीज बंद करायची. कुठल्या आकड्याला ओळखायचं ते कागदावर लिहून तिच्यात भरतात. तर सोलर आलं तेव्हा कुणीतरी कारखान्याचाच जुना कागद उचलला आणि तसाच्या तसा भरला. इतकी वर्षं चांगला चालला होता, मग बदलायचा कशाला?

"मग बिघडलं कुठं?" मी विचारलं.

"अज्जी, कारखान्याचं यंत्र जड. तार जमिनीला टेकली की ते गच्चकन जोर लावायचं, करंट पाचपट सहापट धावायचा. रिले त्या धावण्यावरूनच ओळखायचा. सोलरचं तसं नाही. प्लेटांची वीज इन्व्हर्टरमधून येते. इन्व्हर्टर आतून मोजून देतो, स्वतः जळू नये म्हणून. कितीही मोठा बिघाड होऊ दे, नेहमीपेक्षा जरासाच जास्त करंट सोडतो. आणि रिले बसलाय पाचपटीची वाट बघत."

मी जरा विचार केला. सासरी आमच्या मळ्यावर दोन कुत्री होती. एक असं भुंकायचं की सगळी वस्ती उठायची. दुसरं शहाणं, चोर आला तरी दोनदा गुरगुरायचं आणि गप्प. पहिलं मेलं तेव्हा माझे सासरे महिनाभर गाढ झोपले. म्हणाले, आता चोर येईनासे झाले.

हे सांगितल्यावर भाग्यश्री हसली. त्या दिवशी पहिल्यांदा हसली. म्हणाली, "अगदी हेच गं! हेच मी साहेबांना महिनाभर सांगतेय."

साहेब म्हणजे देशमाने साहेब, तिचे वरिष्ठ. माणूस वाईट नाही, पण कागद दाखव म्हणतो. आणि कागद नव्हता. बिघाडाची नोंद रिलेच ठेवतो. तो जागाच झाला नाही तर लिहील काय? त्याची पाटी कोरी. साहेब म्हणायचे, पाटी कोरी म्हणजे बिघाड झालाच नाही. परवा प्लांटचा दुसरा अर्धा भाग सुरू व्हायचा होता, त्या कागदावर सह्या होणार, जुन्याच आकड्यांवर. पुढं वळवाचं वारं. ती लाइन वस्तीवरून, डाळिंबाच्या बागांवरून जाते. पोरगी जेवत नव्हती ती यासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याबरोबर मीही निघाले. सांगोल्यातून वडाप मिळतं, जीपमध्ये दहाजण बसलेले असले तरी अकरावा बसतो. चालकाला सांगून पुढं बसा. प्लांटच्या फाटकावर उतरलं की सावली नाही, फक्त एक लिंबाचं झाड आहे. आत परवानगीशिवाय सोडत नाहीत, हे आधी माहीत असू द्या, नाहीतर फेरा फुकट जाईल. पण बाहेरूनसुद्धा बघण्यासारखं आहे, बायांनो! नजर पोचेल तिथपर्यंत निळ्या प्लेटा, सगळ्या एकीकडं तोंड करून, जणू कीर्तनाला बसल्यात. आणि त्यांच्या मधल्या गवतात मेंढरं चरतात. खरंच चरतात. गवत कापायचा खर्च वाचतो म्हणून प्लांटवाले येऊ देतात.

त्या मेंढरांची मालकीण केराबाई. चाळिशीची असेल, काठी खांद्यावर आडवी. मला लिंबाखाली बसलेली बघून म्हणाली, "कुण्या गावच्या म्हणायच्या?"

मी सांगितलं. तिनं विचारलं नात आत काय करते. सांगितलं. मग तिनं ताक प्यायला वस्तीवर चला म्हणून आग्रह केला. वस्ती समोर दिसत होती, शंभर पावलांवर. पण केराबाई मेंढरं घेऊन उजवीकडं वळली, लांबून, ओढ्याच्या काठानं. माझे गुडघे बोलायला लागले.

"अगं, समोर तर दिसतंय घर! हा वळसा कशाला?"

"तारंखालनं न्हाय जात मी," ती म्हणाली. "हितं माझी मेंढी मेली. गाभण हुती."

"वीज पडली?"

"वीज न्हवं, तार. तुटून भुईवर आली. मेंढी जाग्यावर गेली. आन् ती तार अशी चरचर चरचर करायला लागली, ठिणग्या उडत हुत्या. मी मालकाला हाळी मारली, 'अवोऽऽ'. त्यो बागंत हुता. त्येनं 'काय गंऽऽ' केलं. मी परत हाळी मारली, 'मेंढराकडं या, तार पडलीया.' तरी चरचर चालूच की! मग झाली गप."

ताक लई छान होतं. जिरं भाजून घातलेलं. मी दोन पेले प्यायले आणि तिच्या सुनेच्या बाळाला मांडीवर घेऊन बसले, ती मेंढीची गोष्ट डोक्यात तशीच राहिली. तिचं वजन मला तेव्हा कळलं नव्हतं, खोटं कशाला सांगू. दुपारी भाग्यश्री डबा खायला बाहेर आली तेव्हा मी ताकाबद्दल सांगितलं, बाळाबद्दल सांगितलं, आणि वळशाबद्दल तक्रार करताना मेंढीबद्दल सांगितलं.

भाग्यश्रीच्या हातात घास तसाच राहिला.

"दोन हाळ्या? मधे त्यानं उत्तर दिलं? आणि तोवर चरचर चालू?"

"तेच तर म्हणत होती."

"अज्जी, लाइन बंद पडायला पापणी लवायचासुद्धा वेळ लागायला नको! पलीकडच्या टोकाचं सबस्टेशन तेवढ्यात बंद होतं. मग इतका वेळ वीज कुणी दिली?" आणि ती स्वतःच म्हणाली, "आम्ही. आम्ही दिली. आमचा रिले झोपला होता, शेवटी इन्व्हर्टरच दमून थांबले असणार." मग माझा दंड धरून विचारते, "ऊन होतं का त्या वेळी? ऊन असेल तरच आमची वीज असणार. दिवस कुठला?"

मला काय ठाऊक. डबा तसाच झाकून आम्ही दोघी वस्तीवर गेलो. लांबूनच, ओढ्याच्या काठानं.

केराबाई हसली. "आवो, इसरंन कशी? गणपती बोळवायच्या आदल्या दिशी. न्याहारीच्या टायमाला. पाऊस उघडल्याला, ऊन असं कडाक पडल्यालं की मेंढरं सावली बघाय लागली हुती. म्हून तर ती तारंकडच्या बांधाला गेली."

"मावशी, तुम्ही तक्रार केली नाही?"

"केली की. तार जोडायला आलती माणसं. म्हनली, मशीनमदी कायच न्हाय लिवल्यालं, तुमची मेंढी आजारानं मेली आसंल." आणि मग ती म्हणाली, "मी खोटं बोलीन व्हय मेंढीपायी?"

हे ऐकून माझ्या नातीचा चेहरा जो बदलला, तो मला आवडला. माझ्या सासूचा असा व्हायचा, भांडणाच्या आधी.

रिले झोपला तरी इन्व्हर्टर आपापली नोंद ठेवतात, हे मला तेव्हा कळलं. पण ते रोजचं इतकं लिहितात की दिवस ठाऊक नसेल तर गंजीत सुई शोधायची. आता दिवस मिळाला होता, वेळ मिळाली होती. भाग्यश्री आत गेली आणि तासाभरानं फाटकापर्यंत पळत आली. पळत! उन्हात, डोक्यावर पिवळं हेल्मेट. "सापडलं अज्जी! व्होल्टेज खाली बसलंय, करंट नुसता जरासा वाढलाय, आणि किती वेळ! केराबाई खरं बोलतेय, सेकंद न् सेकंद खरं!"

ती नोंद तिनं साहेबांना दाखवली, आणि तिसऱ्या दिवशी परीक्षा ठरली. देशमाने साहेब स्वतः फाटकावर आले. उंच, कान थोडे पुढं आलेले, बोलणं हळू. मला म्हणाले, "कुत्र्यांची गोष्ट तुमचीच का?"

"हो, माझ्या सासऱ्यांची कुत्री."

"आत या मग. बघाच."

मी कंट्रोल रूमच्या दारात सवयीनं चप्पल काढायला लागले तर रखवालदार ओरडला, "आज्जी, हितं काढायची न्हाय, घालायची!" त्यांनी मला जाड तळव्याचे बूट दिले, दोन पाय एकात मावतील एवढे. इरकल, विभूती, पिवळं हेल्मेट आणि ते बूट. भाग्यश्रीनं फोटो काढलाय, खाली लावलाय, हसा खुशाल.

आत थंडगार. भिंतीला कपाटं, कपाटांवर बारके दिवे. साहेबांनी मला खुर्ची दिली आणि सांगितलं, या पेटीतून आम्ही त्या दिवसाचाच करंट, त्या दिवसाचंच व्होल्टेज रिलेला पुन्हा दाखवणार. म्हणजे मेंढी मेली तो क्षण त्याच्यापुढं पुन्हा आणणार. आधी जुन्या आकड्यांवर.

कळ दाबली.

काही नाही. दिवा लागला नाही, आवाज नाही. नुसता एसीचा घूंऽ. मी साहेबांच्या तोंडाकडं बघत होते. ते कपाटाकडं बघत होते. त्यांनी पुन्हा दाबायला लावली. पुन्हा काही नाही.

"झोपलाय," मी म्हटलं. माझ्या तोंडून निघून गेलं.

साहेब म्हणाले, "हो आज्जी. गाढ."

मग भाग्यश्रीनं स्वतः केलेला कागद भरला. त्यात तिनं दोन गोष्टी बदलल्या होत्या. एक, करंट थोडासाच वाढला पण त्याच वेळी व्होल्टेज धपकन खाली बसलं, घरात बल्ब मिणमिणता होतो तसं, तर मोठ्या करंटची वाट बघायची नाही, तोडायचं. दुसरी, पलीकडच्या टोकानं लाइन तोडली की त्यानं इकडं निरोप धाडायचा, आणि निरोप आला की इकडंही तोडायचं. माझ्या भाषेत सांगायचं तर राखणदाराला गुरगुरणंही ओळखायला शिकवलं, आणि शेजाऱ्याची हाक ऐकायला शिकवलं. निरोपाची तार पूर्वीच टाकलेली होती, नुसती जोडलेली नव्हती! जोडायला कुणी सांगितलंच नव्हतं म्हणे. आमच्या गल्लीतल्या नळासारखं.

आधी निरोप नुसता पोचतो का ते तपासलं. पलीकडच्या सबस्टेशनातून फोनवर कुणीतरी "सोडतो हं" म्हणालं, आणि इकडं दिवा लागला. मग मेंढीचा क्षण पुन्हा आणायची वेळ आली. भाग्यश्रीचा हात कळेवर. मी मनातल्या मनात सिद्धेश्वराचं नाव घेतलं.

टक्.

आणि बाहेर, यार्डात, लाइन तोडणाऱ्या मोठ्या खटक्याचा धाड! असा आवाज झाला की छपरावरची कबुतरं उडाली आणि मी खुर्चीतून उभीच राहिले. तांबडा दिवा लागला. पडद्यावर नोंद आली, सगळी, वेळेसकट. लाइन बंद पडली होती. पापणी लवायच्या आत.

"उठला!" साहेब म्हणाले. त्या हळू बोलणाऱ्या माणसानं टेबलावर थाप मारली. "उठला की राखणदार!"

टाळ्या पडल्या. मी माझ्या नातीला सगळ्यांसमोर हेल्मेटसकट जवळ घेतलं, दोन हेल्मेटं एकमेकांवर आपटली. तिनं सगळ्यांदेखत डोळे पुसले आणि म्हणाली, "परत एकदा करून बघू, साहेब." तीनदा केलं. तीनदा उठला. नव्या आकड्यांवर सह्या झाल्या, आणि साहेबांनी एक कागद आणखी केला, केराबाईच्या मेंढीचा, की मेंढी तारेनंच मेली. तो कागद घेऊन ते स्वतः वस्तीवर गेले. केराबाईनं कागद वाचून घेतला, घडी घालून पोलक्यात ठेवला आणि म्हणाली, "मेंढी काय परत येत न्हाय सायेब. पर मी खरी ठरली." आणि त्यांनाही ताक दिलं. दोन पेले.

चौथ्या दिवशी सांगोल्याहून निघाले. स्टँडबाहेर डाळिंबाचा रस मिळतो, बिना साखरेचा मागा, बर्फ नको म्हणा. परतीच्या गाडीत मला खिडकी मिळाली. रस्त्याकडेच्या तारा मी आजवर कधी बघितल्या नव्हत्या, त्या दिवशी सोलापूरपर्यंत बघत आले. घरी आल्यावर गल्लीतल्या बायका विचारायला लागल्या, काय आणलंस? मी डाळिंबं वाटली. पण खरं आणलं ते वाटता येईना. वीज बटणातून येते एवढंच मला ठाऊक होतं. आता कळलं की कुठंतरी एक पेटी डोळे उघडे ठेवून बसलेली असते, आणि तिनं काय ओळखायचं हे कुणीतरी माणसानं तिला सांगावं लागतं. कारखान्याचा कागद सोलरला चालत नाही. पोरगी महिनाभर हेच म्हणत होती, आणि मेंढीमागं लांबचा वळसा घेणारी बाई तेच म्हणत होती. दोघींनाही कुणी विचारलं नव्हतं.

हे सगळं लिहून झालं होतं आणि मी टाकणारच होते, तेवढ्यात केराबाईचा फोन आला. नंबर मी घेऊन ठेवला होता.

"आज्जी, काल वारं सुटलं हितं. लई मोठं. पत्रं उडाली. तार पडली."

मी विचारलं, "मेंढरं?"

"चरत्यात की निवांत. मी डोळ्यानं बघितली तार पडताना. भुईला टेकली आन् गप. मी हाळी मारायला त्वांड उघाडलं, तवर गप. चरचर न्हाय, ठिणगी न्हाय, कायसुदिक न्हाय."

"जवळ गेली नाहीस ना तू?"

"येडी हाय का मी? तुमच्या नातीनं बजावलंय, पडल्याली तार गप दिसली तरी माणसं येऊस्तोवर लांब ऱ्हायाचं. नातवाला कडंवर घिऊन लांब हुबी ऱ्हायले. माणसं आली, जोडून गेली. ह्या टायमाला मशीनमदी लिवल्यालं हाय म्हनली."

मी फोन ठेवला आणि दारात येऊन गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडले, "तार पडली आणि जागच्या जागी बंद झाली! माझ्या नातीनं केली!"

समोरची अंबुबाई गॅलरीत आली. "एवढं ओरडायला काय झालं?"

"केराबाईला ओरडावं लागलं नाही," मी म्हटलं, "म्हणून मी ओरडते."